राजुऱ्यात न झालेली बैठक

प्रिय रंजीता,

चार महिने झाले, तुझा फोन आला की मी उचलत नाही. रागावली असशील तर रागाव. ब्रह्मपुरीच्या हॉस्टेलात माझ्या ताटातलं खाऊन वर माझ्याशीच भांडायचीस, तशी भांड. पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी केसचं सांगते, कारण वकील मलिकाताई म्हणाल्या की तुला ते नीट कळलेलं नाही. आपली चुनखडीची कंपनी बुडाली हे तर सगळ्या राजुऱ्याला ठाऊक आहे. पण कागदावर ती आपली नाहीच, समुद्रापलीकडच्या एका बेटावर नोंदलेली आहे. साहेब म्हणतात, तिची दिवाळखोरी तिथलंच कोर्ट बघेल. तसं झालं तर मिथुनभाऊंची बायको म्हणून त्यांच्या अपघाती मृत्यूचा दावा घेऊन तू त्या बेटावर जाणार आहेस काय? मलिकाताईंचं म्हणणं, नुसती नोंद बघून भागत नाही. कंपनी खरी चालवली कुठून, निर्णय कुठं झाले, हे बघावं लागतं. ते राजुऱ्यात झाले असं सिद्ध केलं, तर मुंबईचं न्यायाधिकरण हे प्रकरण आपल्याकडे घेऊ शकेल.

आणि ते कुठं झाले हे माझ्याइतकं कोणाला माहीत? अगं, सगळ्या बैठका इथल्या गेस्ट हाउसात व्हायच्या. नीलाबाईच्या हातचं झणझणीत भरीत खाऊन साहेब लोकांची नाकं वाहायची आणि मी कोपऱ्यात बसून वहीत टिपून घ्यायची. टाईप करताना मात्र राजुरा काढून बेटाचं नाव घालायचं. तिथलं घड्याळ दीड तास मागं, म्हणून साडेअकराची बैठक मी दहाची करायची. पाच वर्षांत एकदाही चुकले नाही, आणि मला बावळटीला त्याचा अभिमान होता.

आता कारखाना बंद आहे. गेटवर तेवढा इसरू चौकीदार असतो. तरी भर दुपारी त्या रस्त्यानं गेलं की मला चुनखडी वाहून नेणारा पट्टा चालू असल्याचा आवाज येतो. इसरूला विचारलं तर म्हणाला, मोटारच काढून नेली, आवाज कुठून येईन? घरी येऊन पंखा बंद करते, रेडिओ लावते, तरी येतो. भाजी घेताना कोणीतरी मागून मला हाक मारतं. मी वळत नाही. कोण आहे ते मला कळतं.

टाईप केलेल्या कागदांत सगळं बेटावरच झालंय. माझ्या जुन्या वह्या साहेबांनी जाळायला लावल्या. शेवटची एक माझ्या पिशवीत राहून गेली. त्यात एकाच बैठकीचं टिपण आहे, पण पुरेसं आहे: तारीख, राजुरा, हजर माणसांची नावं आणि खाली साहेबांच्या हातची दुरुस्ती. विषय, पट्ट्याची तुटलेली जाळी. मिथुनभाऊंनी अर्ज दिला होता, जाळी बसेपर्यंत पट्टा बंद ठेवा म्हणून. ठरलं ते असं, की पट्टा चालू राहील, जाळीचं पावसाळ्यानंतर बघू. हे मी माझ्या हातानं लिहिलं, रंजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गेटवर माझीच वाट बघत उभे होते. म्हणाले, "दिव्यानीबाई, माह्या अर्जाचं काय झालं जी? नाई म्हटलं असन तर मी आज वर चढत नाई." नोकरी जाईल या भीतीनं माझ्या तोंडून पाच वर्षं टाईप केलेलंच निघालं, "भाऊ, बैठक इथी होतच नाई. बेटावर होते. मले काय मालूम?" ते हसले, डबा घेऊन आत गेले. दुपारी तुला फोन आला.

ही वही मी दोनदा चुलीपाशी नेली होती. काल मलिकाताईंना देऊन टाकली. मंगळवारी त्या मुंबईत ते पान वाचून दाखवतील, आणि गेटवरचं मी शपथेवर सांगणार आहे. केस आपल्याकडे राहिली तर त्या पानामुळेच राहील, म्हणून ते ऐकायला तूही येशील. भरल्या कोर्टात कळण्याआधी तुला ते माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. भाऊंनी मला विचारलं होतं गं, आणि मला माहीत होतं.

तू ठेवलंस तर तुझीच,
दिव्यानी