साडेनऊचा गोण्या

३ मार्च १९९६, रविवार

लालासाहेब, विसरण्यात तुझा हात कुणी धरणार न्हाई. मागल्या यात्रेला आलास तवा चष्मा तिकडं कामाच्या गावी, कोईमतूरला विसरलास, आणि गेलास तवा बायको न् पोरगी हितं विसरलास. म्हणून ही वही. मला अक्षर येत न्हाई, म्हणून मी सांगणार, तुझी बायको शालन लिहिणार. वही माझ्यापुरती हाय, कुणाला दावायची न्हाई. पण उद्या तू म्हणालास, आई, मला हे कुणी सांगितलंच न्हाई, तर तुझ्या पुढ्यात आपटायला जवळ असावी.

तुझं पत्र आलं. यात्रेला येतो, पूजाचं काय ते ठरवू, असं लिहिलंयस. मला सगळं कळलं. पोरगी यात्रेच्या गर्दीत शहाण्यागत ऱ्हायली की ती माझ्याजवळच ऱ्हाणार, हितल्याच शाळंत जाणार. शालन म्हणाली, आत्या, असं पत्रात कुठंच न्हाई. मी म्हणलं, पत्रात सगळं लिहीत नसत्यात. आईला कळायला काय तरी ठेवत्यात.

यात्रेला पाच आठवडं हायत. मला तीन पुरं.

४ मार्च, सोमवार

पूजाला कराडच्या डॉक्टरकडं नेली. सांगितलं, सात वरसं सरली, पण कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळती, डोळ्याला डोळा देत न्हाई, दिवसभर चिंचोक्याच्या रांगा लावती. डॉक्टर म्हणाला, आजी, ह्याला ऑटिझम म्हणतात. हा रोग न्हाई, औषधानं उतरत न्हाई. तिची घडणच अशी. माणसाचं तोंड बघून तिला कळत न्हाई की तो हसतोय का चिडलाय. मी म्हणलं, माझ्या सासऱ्यालाबी कधी कळलं न्हाई, पण त्याला वीस एकर ऊस हुता.

डॉक्टरनं इचारलं, पोरीला काय आवडतं? शालन म्हणाली, टीव्ही. रविवारी साडेनवाला बाहुल्याचा कार्यक्रम लागतो, तेवढाच. मला लाज वाटली. तर डॉक्टर म्हणाला, छान. आजी, तुमी जवळ बसून बघा. बाहुला जे बोलतो तेच शब्द घरात वापरा, रोज तसेच, बदलू नका. आणि काय नवं घडणार असलं तर तिला आधी सांगून ठेवा.

फी घेऊन टीव्ही बघा म्हणणारा डॉक्टर जन्मात पयल्यांदा बघितला.

१० मार्च, रविवार, सकाळी सव्वाधा

बघितला. ‘गोणपाटाचं घर’ म्हणं. एक ताई आणि एक बारदानाचा बाहुला, गोण्या. डोळ्याला बटनं, तोंडाला सुतळी. ताई इचारती, गोण्या, आत काय झालंय? गोण्या म्हणतो, छातीत भट्टी, कानात ढोल. ताई म्हणती, ह्याला राग म्हणतात. मग गोण्या पोत्यात शिरतो, धापातूर मोजतो, भाईर येतो आणि म्हणतो, राग होता, आता बारका झाला. अर्ध्या तासात चार खेपा पोत्यात गेला. आमच्या येळंला अशी सोय असती तर निम्मी भावकी शाबूत ऱ्हायली असती.

पण एक बघितलं. जी पोरगी माझ्या तोंडाकडं कवा बघत न्हाई, ती गोण्याच्या तोंडाकडं अर्धा तास बघत हुती. त्याची सुतळी खाली वळली की ती आपल्या ओठाला हात लावून चाचपायची. मला वाटलं, बरोबरच हाय. माणसाचं तोंड एका टायमाला दोन गोष्टी बोलतंय. वरनं म्हणतंय या, बसा, आतनं म्हणतंय कवा जाताय. गोण्याचं तोंड एकच बोलतंय.

ठराव: उद्यापासनं मी शिकवणार. गोण्या आठवड्याला अर्धाच तास येतो, मी चोवीस तास हाय. म्हंजे पोरगी आठवड्यात तयार.

११ मार्च, सोमवार

युरियाची गोणी धुऊन वाळवली. पूजाला म्हणलं, शिर. शिरली न्हाई. जरा धरून आत घातली. चावली.

मी रागावले न्हाई. मला राग येतच न्हाई, हे साऱ्या गावाला ठावं हाय. गोडीनं समजावून सांगितलं.

(शेजारचे दादासो सुभेदार काठी घेऊन धावत आले, चोर धरला का म्हणून. — शालन)

१३ मार्च, बुधवार

चूक सापडली. पोतं प्लास्टिकचं हुतं, गोण्याचं बारदानाचं. शेंगांचं पोतं रिकामं करून घेतलं. शालन म्हणाली, गोण्याच्या पोत्याला डाव्या अंगाला ठिगळ बी हाय, ते लावा. मी म्हणलं, टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट, ठिगळाचा रंग काय आभाळातनं कळणार? पूजा काय न बोलता आत गेली आणि तुझ्या जुन्या निळ्या पँटीचा पाय घेऊन आली. लावलं. पोरगी आपल्या पायानं आत शिरली, मोजलं, भाईर आली.

माझ्या शिकवणीला फळ आलं. दोन दिवसात.

(पँट जुनी नव्हती. — शालन)

१७ मार्च, रविवार

सव्वानवाला लाईट गेली. पूजा घरभर फेऱ्या मारायला लागली, हात झटकायला लागली, मग डोकं भिंतीला आपटायला लागली. शालन उशी घेऊन मागं धावत हुती. मी सरळ वायरमनच्या घरी गेले. तो न्याहारी करत हुता. शांतपणे दोन शब्द सांगितले.

(वायरमन ताट घेऊन परसात पळाला. — शालन)

परत आले तर पूजा पोत्यात. आतनं एक ते धा, परत एक ते धा. शालन म्हणाली, आत्या, तुमी गेल्यावर आपणहून शिरली, मी फक्त ‘आत काय झालंय’ एवढंच म्हणलं. साडेधाला भाईर आली आणि म्हणाली, भीती होती. आता बारकी झाली.

लाला, तीन शब्दांच्या पुढं न जाणारी पोरगी ही. माझा आवाज बसला हुता, न्हाईतर तिथंच पेढं वाटलं असतं. कार्यक्रम बुडाला तरी माझा जम बसतोय.

२० मार्च, पाडवा

दादासो पुरणपोळी खायला आला. लष्करात सव्वीस वरसं काढून पेन्शनीत बसलेला माणूस, त्याला वाचायची लय हौस. म्हणाला, राहीबाई, वही वाचून दाखवतो. वाचली. कंसासकट.

कंस म्हंजे काय ते मला आजच कळलं. नऊ दिवस ही बया माझ्या वहीत माझ्याच नाकासमोर चहाड्या लिहीत हुती, आणि मी तिला वर दूध-साखर जास्तीची घालून चहा देत हुते! मी काय चिडले न्हाई. लाटणं हातात हुतं म्हणून ते उडालं.

तेवढ्यात पूजा समोर येऊन उभी ऱ्हायली. माझ्या तोंडाकडं बघितलं. नीट, कपाळापासनं हनवटीपातूर. आणि टीव्हीतल्या ताईच्याच आवाजात म्हणाली, आत काय झालंय?

मी म्हणलं, काय न्हाई.

ती म्हणाली, भट्टी. ढोल. ह्याला राग म्हणतात. आणि पोतं आणून माझ्या पायाशी ठेवलं.

आता सुभेदारापुढं मी काय पोत्यात शिरणार व्हय? पण पोरीचं मन मोडू ने म्हणून कमरेपातूर शिरले. तिनं मोजलं. सातापातूर आल्यावर मी कशावर चिडले हुते ते आठवंना. म्हंजे चिडले न्हवतेच. दादासो हसून हसून पोळी नाकात गेली म्हणून शिंकत हुता.

ठराव: कंस बंद.

३१ मार्च, रविवार

डॉक्टर म्हणाला हुता, आधी सांगून ठेवा. मी नुसतं सांगणारी बाई न्हवं. अंगणातच यात्रा भरवली. दादासो थाळी बडवणार, म्हंजे ढोल. शालन म्हंजे गर्दी. मी डोक्यावर पाट घेऊन पालखी. रोज सांजच्याला तीन फेऱ्या. आल्यागेल्यांनी कुंपणावरनं बघून नमस्कार केला, त्यातलं दोघं चेष्टेनं, एक खरोखर.

पूजा पायरीवर बसून बघती. दादासोनं थाळी चुकीची वाजवली की मला म्हणती, पालखी थांब. परत पयल्यापासनं. काल अकरा फेऱ्या झाल्या. दादासोला मी म्हणलं, सव्वीस वरसं लष्करात काय केलंस, साधी थाळी येत न्हाई. तो म्हणाला, तिथं पालखीच्या अंगात येत न्हवतं.

ह्या आठवड्यात पूजा पोत्यात दोन खेपा गेली. मी सहा. माझ्या सरावासाठी हुत्या.

११ एप्रिल, गुरुवार, पालखी

तू आलास. चष्म्यासकट.

पूजाच्या कानात कापूस, काखंत पोतं. ढोल जवळ आलं तशी हात झटकायला लागली. मी म्हणलं, आता झालं, गेली पोरगी माझ्या हातनं. तिनं देवळाच्या पायरीशी पोतं पसरलं, आत शिरली. पालखी तिला वळसा घालून गेली. ढोलवाले हसले, पण वळसा घातला. गुलालानं पोतं लाल झालं. मग भाईर आली, म्हणाली, भीती होती. आता बारकी झाली. आणि माझा पदर सोडून एकटी पालखीमागं पाच पावलं चालली.

लाला, तू तिथं तोंड फिरवून उभा हुतास. तिनं येऊन तुझ्याकडं खालनं वर बघितलं. बाबा, आत काय झालंय? तू म्हणालास, डोळ्यात गुलाल गेला. ती म्हणाली, गुलाल न्हाई. ह्याला दुःख म्हणतात. मग म्हणाली, का आनंद? दोन्हीत पाणी असतं.

तू चष्मा काढून पुसलास. तिला म्हणालास, मलाबी नीट कळंना. तिनं मान हालवली, आपल्यातलाच हाय ह्या हिशेबानं.

मी जिंकले. पोरगी हितंच ऱ्हाणार.

१२ एप्रिल, शुक्रवार, मटणाचा दिवस

पाव्हणं चाळीस. माझी जाऊ रंगूबाई रस्सा वरपत म्हणाली, राहीबाय, पोरगी पोत्यात घालून मोठी करायची नवी तऱ्हा काढलीस काय? हिला दावा कुठं तरी, अंगारा लावा.

मी एक शब्द बोलले न्हाई. पळी निसटली. ती रंगूबाईच्या ताटात पडली हा तिचा भोग. नंतर जे बोलले ते आवाज चढला म्हणून लांबपातूर गेलं, मनात काय न्हवतं. शालनला म्हणलं, हे लिहू नको.

पूजा पंगतीमधनं चालत आली. चाळीस माणसांच्या देखत माझ्या डोक्यावरनं पोतं घातलं, पार पायापातूर. आत शेंगांचा वास आणि गुलाल. भाईरनं तिचा आवाज, एक. दादासो म्हणाला, दोन. तिसऱ्याला सगळी पंगत मोजायला लागली, वाढपी बी. रंगूबाईनं बी मोजलं, आठानंतर धा म्हणाली.

भाईर आले तर समदी हसत हुती आणि रंगूबाई सगळ्यात जास्त. तिनं पूजाला जवळ बोलावून म्हणलं, बाय, ते पोतं माझ्या घरी दे की चार दिवस, आमच्या ह्यांच्यासाठी. पूजा म्हणाली, न्हाई. नीट, तोंडाकडं बघून.

१३ एप्रिल, शनिवार

चहा घेताना तू म्हणालास, आई, एवढ्या गर्दीत टिकली, म्हंजे दोन दिवसांच्या रेल्वेत टिकंल. कोईमतूरला तसल्या पोरांची शाळा हाय. आमच्या गलाईच्या, सोनं गाळायच्या दुकानापासनं जवळ. नाव घालून आलोय. आठवड्यानं निघू, शालन बी येतीय.

मी म्हणलं, मी हिला ह्यासाठी तयार केली? तू म्हणालास, आई, तू तयार केलीस म्हणूनच न्यायचं धाडस झालं.

ह्यावर काय बोलायचं ते गोण्यानं शिकवलेलं न्हाई.

शालन खाली मान घालून लिहितीय. वहीवर ठिपका पडलाय. मी म्हणलं, कंसात लिही काय लिहायचं ते. तिनं लिहिलं, न् खोडलं. वाचून दाखव म्हणलं तर म्हणाली, राहू द्या.

२१ एप्रिल, रविवार

आज लिहायला दादासो. अक्षर मोठ्ठं काढतोय, पानं लवकर सरणार.

काल मिरजंला गाडीत बसवलं. बुधवारपासनं तीन दिवस अंगणात गाडी खेळलो, दादासो इंजिन, मी डबा, म्हणून पूजा शिट्टीला दचकली बी न्हाई. पोतं तिच्या मांडीवर. खिडकीतनं माझ्याकडं बघून म्हणाली, आत काय झालंय? मी म्हणलं, काय न्हाई बाय. तिनं दोन खेपा इचारलं. मी दोन खेपा काय न्हाई म्हणलं. गाडी हालली. हात केला न्हाई तिनं. तसं ती करतच न्हाई.

येताना यष्टीत कंडक्टरनं सुट्टे मागितले तर मी त्याला काय बोलले ते दादासो लिहायला तयार न्हाई.

५ मे, रविवार, सकाळी साडेधा

टीव्ही मी बघत न्हाई. बंद ठेवला की बिघडतो म्हणून साडेनऊ ते धा लावते. दादासो बसायला येतो, आता लावलाच हाय म्हणून.

आज गोण्याचा मित्र गावाला गेला. ताईनं इचारलं, आत काय झालंय? गोण्या म्हणाला, भट्टी नाही. ढोल नाही. मधे एक रिकामी खोली झालीय. ताई म्हणाली, ह्याला आठवण म्हणतात. ह्याच्यासाठी पोत्यात जायचं नाही. ह्याच्यासाठी कुणाला तरी सांगायचं.

दादासो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, काय न्हाई, बारदानाचं बाहुलं ते, त्याचं काय खरं धरायचं. मग म्हणलं, लिही.

तर लाला, सांगितलं. एवढंच.

दादासोच्या फोनवर तू म्हणालास, विट्याचा माणूस तिकडं गावाकडं येतोय, आई, काय धाडू. म्हैसूरपाक धाड, तुपाचा, मऊ, दाताखाली न वाजणारा. केळाचे वेफर आजिबात धाडू नको. मागल्या खेपंचे दादासो बाजूला बसून चावतो, आणि गोण्या काय बोलतोय ते मला ऐकू येत न्हाई.