ताणावर सोडलेली पोरगी

संजीव, नमस्कार-चमत्कार मागून. आधी हे सांग गा, पोरगी माह्या घरी कॉलेजासाठी ठेवली का उपासासाठी? तुझी तब्येत बरी असेलच, नसली तर सुंठ खा. प्रणाली अर्धी पोळी टाकून उठते अन् म्हणते, "आत्याबाई, लोड आहे." आपल्याकडं लोड म्हणजे एक तर टेकाचा, नाही तर विहिरीच्या मोटारीवर येते तो. हिच्यावर कुठून आला? विचारलं तर म्हणे, "सबमिशन." कोण हा सबमिशन, कोणाचा पोरगा, कोण्या गावचा? (मागून समजलं का ते वह्या जमा करणं होय. आधी सांगाले काय झालं होतं.) हे फोनवरच बोलली असती, पण तू स्पीकर लावून साऱ्या गल्लीले ऐकवतो.

खरा शक आला तो गच्चीवर. पोरगी डोळे मिटून भात्यासारखी हवा ओढून राहिली होती. म्हणे, कॉलेजातल्या समुपदेशनवाल्या मॅडमनं सांगितलं, यानं ताण कमी होते. श्वास घ्यायाले फी भरून कोणी कॉलेजात जाते काय? म्हटलं, पाणी कुठं तरी मुरून राहिलं. म्हणून मागच्या मंगळवारी ऑटो करून तिच्या मागं गेली. (नागपूरच्या पोरी बांधतात तसा तोंडाले स्कार्फ बांधला होता. पोरगी गेटावरच म्हणाली, "आत्याबाई, चप्पल बदलाची होती.")

तशीच मॅडमच्या खोलीत शिरली, भांडाले. तिनं पाणी दिलं अन् विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?" आजवर हे मले कोणी विचारलं नाही, तुह्या भाऊजीनं तर नाहीच. मग मी जी सुरू झाली ती प्रणाली दारातून डोकावेपर्यंत. म्हणे, "आत्याबाई, नंबर माझा होता."

येताना पोरगी ऑटोत रडली. एका विषयात नापास झाली आहे. तुले सांगाची हिंमत नाही, कारण तू रोज संध्याकाळी फोन करून पहिला नंबर कोणाचा तेवढंच विचारतो. तुझा फोन वाजला का पोळी टाकून गच्चीवर पळते, मी पाह्यलं. शिक्षण सोडतो म्हणते.

संजीव, तू संत्र्याचा माणूस. झाडाचं पाणी तोडून ताण देतो, पानं मलूल झाली का पाणी सोडतो, तवा बहार धरते. धुऱ्याकडच्या, बांधाजवळच्या ओळीले एकदा पाणी सोडाले उशीर केला, तर झाडाचं सरपण झालं. तवा माह्याजवळच रडला होता ना? मग पोरीले पाणी कोण सोडन?

रविवारी ये. जेवली का, एवढंच विचार. मार्काचं नाव काढलं तर माह्या घरी चहा भेटणार नाही.

तुझी मोठी बहीण,
तुळजा

ता. क. तिले घेऊन जाले ये म्हटलं नाही. मले तिची अशी सवय लावून पोरगी न्यायची, हे चालणार नाही.

ता. क. दुसरा. मॅडमनं येत्या शुक्रवारी परत बोलावलं. प्रणालीले नाही, मले. काहून, ते कळलं नाही, अन् म्हणूनच मले त्या बाईचा भरवसा नाही. पण मॅडमले मागून कळवून टाकलं आहे का रविवारी पोरीचा बाप येते. तर येतो का नाही, ते गुरुवारच्या आत कळव, शुक्रवारी तिले सांगाले.