पापडाच्या डब्यातली अठरा पानं

औरंगाबाद,
ता. ६ जानेवारी १९५२

प्रिय पुंजाराम यास गयासचा सलाम आणि रामराम (दोन्ही एकदमच उरकले).

तुझा खोकला आणि चतुरावहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी मराठीत दुसऱ्यांदा नापास झालो.

आपण दोघं उर्दूत शिकलो, मी तर उर्दूतच मास्तर झालो. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठीत आली आणि चाळिशीतल्या मास्तरांच्या नशिबी परीक्षा आली. तिला नेमलेली जुनी, नावाजलेली कादंबरी तूच पाचोडहून दिलीस. प्रश्न ठरलेला: वाट पाहण्याचं सूत्र कादंबरीत कसं विकसित होतं? (अरे, आमच्या घरी येऊन बघा की!) आधी बहीण परगावी गेलेल्या भावासाठी दार उघडं ठेवते, मग त्याचं ताट वाढून ठेवते, पुढं कुणाला काही विचारायचंच सोडते. मी रोज मोठ्यानं वाचायचो आणि तुझी रईसाभाभी गहू निवडत पुस्तकात डोकवायची. तिचा भाऊ कय्युम पोलीस ॲक्शनच्या त्या सप्टेंबरात जालन्याला गेला तो अजून आलेला नाही, हे तुला मी काय सांगू.

शेवटची अठरा पानं तुझ्या पुस्तकात नव्हतीच. वहिनींनी ती पापडाच्या डब्यात अंथरल्याचं तू मागाहून कळवलंस. परीक्षेच्या आदल्या दिवशी रईसानं विचारलं, "आया क्या उनो?" पुंजाराम, मी काय सांगणार होतो? आला म्हणालो. पाय धुतले, दोन भाकरी खाल्ल्या, हेही सांगितलं. किती दिवसांनी हसली ती! तेच माझ्या डोक्यात बसलं आणि पेपरात उतरलं, भाकरींसकट.

परवा हेडमास्तर आप्पासाहेबांनी निकाल सांगितला. माणूस भला, पण त्यांना हसू आवरेना. "गयासमियाँ, शेवटी तो मेल्याचा निरोप येतो हो! तुम्ही त्याला जेवू कशाला घातलं?" मीही हसलो. पुढचा तास मात्र फळ्याकडे तोंड करून काढला. घरी आलो तर रईसानं कय्युमची थाळी घासून पुसून ठेवलेली.

वहिनींना सलाम सांग. पापडांबद्दल माझी तक्रार नाही.

तुझा,
गयास

ता. क. मार्चची संधी शेवटची आहे. या खेपेला त्या भावाला मारल्याशिवाय माझी नोकरी वाचत नाही. ती पानं पाठव, डागाळलेली असली तरी चालतील.

आणखी एक ता. क. घरी पाठवू नकोस, शाळेच्या पत्त्यावर पाठव. तुझ्या पुस्तकावर मी नापास झालो, पण रईसाला मराठी वाचता यायला लागलं आहे.