उत्तमसिंग वैद्याच्या चौकशीबाबत

मुक्काम मारेगाव,
कार्तिक वद्य चतुर्थी, सन १९६३

श्रीयुत मारोतरावजी यांस,

तुमचे मेहुणे श्रावण वैद्य यांचा मनापासून रामराम. इकडे सर्व ठीक. तुमची बहीण खोकल्यासकट खुशाल आहे (म्हणजे होती, ते पुढे येईलच). नागपूरची थंडी सोसते ना? छातीला तिळाचं तेल चोळत जा. आमच्या घराण्याचा उपाय आहे, फुकट सांगतो.

पत्रास कारण असं की, तुमच्या कचेरीत सरकारमान्य वैद्यांच्या नावांची वही असते, असं तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात. तीत उत्तमसिंग नावाचा इसम आहे की नाही, एवढं बोट फिरवून बघा. हा गृहस्थ आखाडात इथे आला, बाजारओळीत दुकान घेतलं आणि लाल अक्षरांत 'वैद्य' अशी पाटी लावली. मी तीन पिढ्यांचा वैद्य, पण मला कधी पाटी लागली नाही. लोक आपसूक माझ्या ओसरीवर येत. आता ओसरीवर शेजाऱ्याची बकरी बसते आणि त्याच्याकडे बाकड्यावर जागा मिळत नाही. (बाकडं सागवानी आहे. मी बसून पाहिलं.) भिंतीवर काचेत घातलेलं प्रमाणपत्र आहे, पण इतक्या उंचावर की घारीनेच वाचावं. मी मान वर करकरून वाचायला गेलो, तर त्याने मानेलाच लेप लावून दिला. मान खरोखर मोकळी झाली, याचं मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, मारोतराव, जळलो मी.

म्हटलं, कागद कोणीही काचेत घालतो, खरा वैद्य मुळीपाशी कळतो. मुळी रविवारी उपटायची तर शनिवारी सांजेला तिला आवतण द्यावं लागतं. पिवळ्या अक्षता, सुपारी ठेवून, हात जोडून सांगायचं की बाई, उद्या न्यायला येतो. बिनआवतणाची मुळी म्हणजे नुसतं सरपण. हे त्याला ठाऊक नसणार, अशी माझी खात्री होती. म्हणून शनिवारी मी टेकडीकडे त्याच्या मागे मागे गेलो. तर हा बाप्या भुईरिंगणीच्या झुडपापुढे उकिडवा बसून अक्षता ठेवतो आहे, सुपारी ठेवतो आहे, वर गुळाचा खडाही ठेवतो आहे! आमच्या आजोबांनीसुद्धा कधी गूळ ठेवला नाही. माझं टाळकंच फिरलं. रविवारी दिवस निघायच्या आत जाऊन मी ती मुळी उपटून आणली. टेकडीभर रिंगणी माजली आहे, पण मला तीच हवी होती. (गूळ मुंग्यांनी नेला होता.)

रिंगणीला अंगभर काटे असतात हे तीन पिढ्यांच्या वैद्याला कोणी सांगायला नको, तरी घाईत हात घातला. मंगळवारपर्यंत तळहात भाकरीसारखा फुगला. तुमच्या बहिणीने दुसरा हात धरून मला नेमकं त्याच्याच दुकानी ओढत नेलं आणि कोणी 'बसा' म्हणायच्या आत बाकड्यावर बसली. मी बाभळीचा काटा म्हणून सांगितलं. त्याने सुईने काटा काढून उजेडात धरला.

"बाभळीचा पांढरा असते वैद्यबुवा, हा पिवळा हाय." मग हळूच म्हणाला, "कायले उपटली? ते मुळी ह्याच बाईच्या खोकल्यासाठी सांगून ठेवली होती मी."

मी तुमच्या बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बारा वर्स तुमचे काढे पेले. आता उत्तमसिंगभाऊचा पुडा घेऊन पाह्यते म्हटलं, तं तुम्हाले काहून झोंबून राह्यलं?"

झोंबलंच, मारोतराव. काटे परवडले.

उत्तमसिंग ओरडला नाही, त्यामुळे मला भांडताही आलं नाही. एवढंच म्हणाला, "ज्यानं उपटली त्यानंच कुटायची. मी हात लावला तं गुण जाते." हा नेम आमच्या आजोबांचाही होता, मोडता येईना. तेव्हापासून हाताला फडकं बांधून मी रोज ती मुळी आमच्याच खलात कुटतो आहे, आणि तो बकरी उठवून माझ्या ओसरीवर बसून 'अजून बारीक' म्हणतो आहे. आणखी दोन जिनसा तो घरून मिसळून आणतो. नाव काही सांगत नाही. गेल्या सोमवारपासून तुमची बहीण खोकलेली नाही. उत्तमसिंगाचं औषध लागू पडलं, असं गावभर सांगते. कुटतं कोण, ते कोणी विचारत नाही. असा माणूस मोकळा राहणं जनतेला धोक्याचं आहे, तरी वही नीट बघावी.

मुलाबाळांना आमची आठवण सांगा. हात बांधलेला असल्याने अक्षर वाकडं आलं आहे, समजून घ्या.

तुमचा
श्रावण वैद्य

ता. क. यातलं तुमच्या बहिणीला काही कळवू नका. बारा वर्षं खोकल्यावरून ती घरात कुठे आहे ते बसल्या जागी कळायचं. आता सारखं उठून बघावं लागतं.

आणखी ता. क. त्याचं नाव वहीत सापडलं तर मला कळवायची घाई नाही. सापडलं नाही तर कोणापाशी बोलू नका, नावनोंदणीचे दोन अर्ज तेवढे पाठवा. दुसरा माझ्यासाठी (तीन पिढ्यांत ते राहूनच गेलं). पण पुढे सरकवायचा तो आधी त्याचा, माझा मागून. तिचे अजून बारा पुडे बाकी आहेत, आणि त्या दोन जिनसा कोणत्या ते मला ठाऊक नाही.