कळशीच्या गळ्यातली माळ

स्नेहलचे पप्पा,

मी स्नेहलला घेऊन सव्वानवाच्या एसटीनं मंचरला दवाखान्यात चाललेय. तुमी रानात पाणी धरायला गेलाय, आत्याबाई चतुर्थी म्हणून लेण्याद्रीला गेल्यात. आज घरात अडवायला कुणी न्हाई म्हणूनच निघालेय, उगा खोटं कशाला लिहू.

वैदूनं ओल्या काड्या गाठी मारून केलेली काविळीची माळ पोरीच्या डोक्यावर ठेवली तवा टाळूपुरती व्हती. तीन दिवसांत वाढत वाढत गळ्यात उतरली. आत्याबाईंनी गल्लीभर सांगितलं, माळ वाढतेय म्हणजे कावीळ उतरतेय. तुमीबी मान डोलावली. पण पोरीचे डोळे अजून पिवळेजर्द हाईत आणि कालपासून पोटात पाणीसुद्धा ठरत न्हाई.

वैदूनं पुढच्या आठवड्यासाठी दुसरी माळ दिली व्हती ना? मला संशय आला व्हता, म्हणून ती मी त्याच दिवशी रिकाम्या पितळी कळशीच्या गळ्यात घट्ट बसवली आणि कणगीमागं लपवली. आज काढून बघितली तर तीबी तेवढीच वाढलीय, कळशीच्या पोटावर लोंबतेय. काड्या वाळल्या की गाठी ढिल्या पडतात, एवढंच.

रक्त तपासायचा डॉक्टरचा कागद तुमच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. घडीसुद्धा मोडलेली न्हाई. तो बरोबर नेतेय.

भाकरी टोपल्यात हाईत, पिठलं झाकून ठेवलंय. खाऊन लगेच मंचरला या.

कळशी चुलीपाशी ठेवलीय, माळ काढू नका. आत्याबाई आल्या की दाखवा आणि विचारा, कळशीची कावीळ किती उतरली.

रुपाली