शहापूरच्या खोलीतलं दूध

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. तुझ्या दवाखान्यासाठी बेळगावात शहापूरला घेतलेली ती भाड्याची खोली मात्र जशीच्या तशी दिसते. दोन्ही बाजूंना विणकरांचे माग खडखडायचे आणि तू खिडकीशी माळ ओढत बसायचीस. छातीतली गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा कुठे तू मला दाखवलीस, आणि मी निपाणीहून मोटारीनं तुला बेळगावच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "गाठ काढता येईल. पण यांच्या अंगात काही उरलेलं नाही. आधी महिनाभर दूध, तूप, डाळ पोटात जाऊ दे. नाहीतर जखम भरायची नाही."

आप्पा गेल्यापासून तू दूध-तूप सोडलं होतंस, एकदाच जेवत होतीस. आजारपणात नेम सैल केला तर चालतो, असं बस्तीतल्या, आपल्या जैन देवळातल्या, पंडितांनी सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या म्हशीचं दूध तापवून तुझ्यापुढे ठेवते. तू पेला माझ्याकडे सारतेस.

"तू पी गं. तुझ्या पोटात लेकरू हाय."

"आई, बाईंनी काय सांगितलंय?"

"त्यास्नी सांग, मी पिती म्हणून. माझी शपथ हाय तुला."

मी प्यायले. पहिले दोन दिवस रडत, मग सवयीनं. महिन्यानं बाईंनी विचारलं, "अंग भरलेलं दिसत नाही. दूध घेतात ना?" तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हटलं, "व्हय बाई, दोन्ही येळा पिती." त्या जरा घुटमळल्या, आणि मग त्यांनी दिवस ठरवला.

गाठ नीट निघाली. पण टाके काढले आणि जखम पुन्हा उघडली. रोज पट्टी बदलायची, रोज ती ओलीच. बाई एकदा हात धुताना म्हणाल्या, "कापणं माझं काम होतं. भरून आणणं यांच्या अंगाचं." मला त्यांनी परत काही विचारलं नाही. पाचव्या आठवड्यात तू गेलीस. पुढं दोन महिन्यांनी मला मुलगी झाली, चांगली बाळसेदार.

निपाणीत बायका म्हणाल्या, डॉक्टरणीनं मारली. मी गप्प राहिले. काल गल्लीतल्या काकूंनी मला आत बोलावून छातीतली गाठ दाखवली. दवाखान्याचं नाव काढताच म्हणाल्या, "नगं गं बाई. तुझ्या आईचं काय झालं, बघितलंय की आम्ही." मी त्यांच्या पदराकडे बघत राहिले आणि घरी आले.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिते. तुझ्या शपथेपायी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. आई गेलेली पोटुशी लेक म्हणून निपाणीतल्या त्या सगळ्या जणी मला जपत होत्या, आणि खरं सांगून ते जपणं मला सोडवलं नाही.