माळावरची तार

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माळाच्या फाटकाला अजून तुम्ही आणलेलंच कुलूप आहे. किल्ली झाडी राखणाऱ्या समितीकडे असते आणि समिती तुमच्या फोटोला हार घातल्याशिवाय बैठक सुरू करत नाही. पावसाळ्यात बाहेरगावची माणसं झाडी बघायला येतात. फौजेतून आलेल्या एका हवालदारानं बोडका माळ कसा हिरवा केला, ही गोष्ट त्यांना सांगितली जाते. मी तिथं असलो की 'हे त्यांचे चिरंजीव' म्हणून मला पुढं ढकलतात. मी हात जोडतो, हसतो आणि आतल्या आत दात-ओठ खातो. तुमच्यासमोर मान वर करून बोलायची आमच्या घरात रीत नव्हती, म्हणून आता लिहितोय. त्या गोष्टीत माझा दोस्त कुठंच येत नाही आणि मला ते सहन होत नाही.

तुम्ही त्याला 'धनगराचं पोरगं' एवढंच म्हणत होतात. दिवाळी सरली की आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातून त्यांचा वाडा आपल्या गावात उतरायचा. त्यांचा वाडा म्हणजे भिंतीबिंतींचा नव्हे. घोड्यांवर लादलेला संसार, कुत्री, कोंबड्या, बायका-पोरं आणि पुढं-मागं मेंढरंच मेंढरं. दिवसभर मेंढरं माळावर चरायची आणि सांजेला आपल्या मोकळ्या रानात बसायची. लेंड्यांचं खत आपल्याला, ज्वारी त्यांना, हा आजोबांच्या काळापासूनचा रिवाज. मी शाळा सुटली की दप्तर फेकून माळावर पळायचो. कुठलं गवत गोड, कुठलं तोंडाला कुसळं लावतं, टिटवी अंडी कुठं घालते आणि तिथून मेंढरं कशी वळवून न्यायची, हे सगळं मला त्यानं दाखवलं. एकदा मी त्याला म्हणालो, हा माळ उन्हाळ्यात किती भकास दिसतो रे. तो हसला. "माळ भकास नसतोय गड्या, निजलेला असतोय. निजल्याला कोण उठवतं व्हय? पाऊस आला की आपला आपन उठतोय."

लांडग्याची ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. आपल्या रानाच्या कडेनं लांडग्यानं एक कोकरू उचललं, कुत्री भुंकत सुटली आणि तुम्ही घरातून बंदूक घेऊन आलात. मी तुमच्या मागं. दोस्ताचा म्हातारा बाप तुमच्यापुढं आडवा झाला. "आवं, ऱ्हाऊ द्या हवालदार. त्येचा बी वाटा असतोय. त्येनं बी कुटं जायाचं?" तुम्ही चारचौघांत म्हणालात, "मग उद्यापासून राखणीला त्यालाच ठेव." सगळे हसले, मीही हसलो. म्हातारा मात्र हसला नाही आणि रागावलाही नाही. माळाच्या मधोमध त्यांच्या देवाचा शेंदरी दगड होता, तिथं जाऊन त्यानं भंडारा वाहिला. त्या दगडाशेजारच्या बोरीची काडीसुद्धा ते मोडत नसत.

मग तुम्ही माळ सुधारायला घेतलात. तुमच्या डोळ्यांत फौजेत पाहिलेले हिरवे डोंगर होते आणि आपला माळ तुम्हाला पडीक दिसत होता. चर खणले, रोपं आणली, गाव कामाला लावलं. तुम्ही स्वतः उन्हाळ्यात खांद्यावर कावड घेऊन पाणी घालत होतात, हे मी नाकारत नाही. तुम्ही चोर किंवा लबाड असता तर तुमच्यावर चिडणं मला सोपं झालं असतं. तुम्ही प्रामाणिक होतात, आणि प्रामाणिक माणसाला कोण अडवणार? चौफेर काटेरी तार ओढली, 'चराईबंदी' अशी पाटी रंगवली आणि देवाच्या दगडाला सिमेंटचा चौथरा बांधून दिलात. धनगरांवर उपकार केले अशी तुमची समजूत होती. त्या देवाला मेंढरं भेटायला येतात, सिमेंट नव्हे, हे त्यांना एका शब्दानं विचारलं असतंत तर त्यांनी सांगितलं असतं.

तार ओढायला मी तुमच्या हाताखाली होतो. माझ्या एका जोडाचं टोक बाहेर राहिलं तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यात टपली मारलीत. "पीळ आत वळव. उद्या कुणाचा तरी हात फाटेल." केवढी काळजी होती तुम्हाला दुसऱ्याच्या हाताची! त्याच दिवाळीनंतर वाडा आला आणि तारेपाशी थांबला. म्हातारा बराच वेळ तारेला हात लावून उभा राहिला. तुम्ही त्याला चहा पाजलात, देशाचं कल्याण समजावून सांगितलंत आणि दुसरं रान शोधायला सांगितलंत. चरायला माळच नाही म्हटल्यावर आपल्या रानात तरी मेंढरं कशी बसणार? पुढं दर वर्षी त्यांची मेंढरं कमी होत गेली. निम्मी लोणंदच्या बाजारात गेली. म्हातारा कुठल्याशा रस्त्याच्या कडेला वारला, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला तोवर दोन वेळा शाल-नारळ मिळाला होता.

आता दोस्ताच्या किडन्या गेल्यात. चालणं सुटलं, म्हणून मी त्याची पालं आपल्या ओढ्याकाठच्या रानात मारायला लावली. उरलीसुरली मेंढरं त्याची बायको सांभाळते. आठवड्यातून दोनदा मी त्याला रहिमतपूरच्या स्टेशनावरून मिरजेला घेऊन जातो. तिथं मशीनवर त्याचं रक्त धुतात आणि मी बाहेर बाकावर बसतो. ओढ्याला तोंड लावून पाणी पिणारा माणूस, त्याला आता पाणी मापून मिळतं. मागच्या महिन्यात त्यानं यायचं नाकारलं. "बास झालं. कोकराला खांद्यावर घेत्यात रं, म्हाताऱ्या बकऱ्याला न्हाई." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मशीन सोडलं तर हातात फार दिवस नाहीत. त्याची बायको पदर तोंडाशी धरून म्हणाली, "भावजी, तुमचंच ऐकतील. कायबी करा." मी हात जोडले, शिव्या घातल्या, रडलो. शेवटी तो म्हणाला, "एक कर. देवाच्या दगडापाशी माझी मेंढरं एकडाव चरूदेत. मग तू म्हणशील तवर येतो. सबुद दिला."

त्याच्या जिवाची किंमत एवढीच होती आबा, एक सकाळ. मी समितीकडे गेलो. तुमचा लाडका पठ्ठ्या आता अध्यक्ष आहे. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "आबांच्या झाडीत मेंढरं? तू त्यांचाच ल्योक न्हवं? आज एकाला सोडलं की उद्या सगळी येत्यात." मी म्हणालो, माणूस मरतोय. तो म्हणाला, "वाईट वाटतंय, पर नियम आबांनीच केल्याला हाय." चहा तसाच ठेवून मी उठलो. तुमच्या फोटोकडं पाहिलं आणि खरं सांगतो, त्या दिवशी तो भिंतीवरून ओढून काढावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तुमचीच पक्कड घेतली आणि ओढ्याच्या अंगाला तार कापली. दोस्ताला मी पाठीवर घेतलं होतं. काहीच वजन राहिलं नव्हतं त्याला. त्याच्या बायकोनं हाळी दिली आणि मेंढरं आत शिरली. मी वाट बघत होतो की आता माना खाली जातील. कशाच्या जाणार? सगळीकडं तुम्ही लावलेलं गिरिपुष्प, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. मेंढरांनी पाला हुंगला आणि तोंड फिरवलं. सावलीत गवताचं पातं नव्हतं, नुसता कुजका पाचोळा. ना टिटवी, ना कुसळ. चौथरा होता, त्याच्यावर पानं पडलेली, आणि बोर वाळून गेली होती. मी त्याला चौथऱ्याला टेकवून बसवलं. मेंढरं भोवती उभी राहिली आणि आमच्याकडं बघत ओरडायला लागली. इतकी वर्षं मी लोकांबरोबर त्या फाटकापर्यंत जाऊन झाडी दाखवत होतो, आत खाली कधी पाहिलंच नव्हतं. दोस्तानं भंडाऱ्याची चिमूट दगडाला लावली, थोडी मला लावली. मग बायकोला म्हणाला, "चल, माघारी घे. उपाशी कशाला हुबी करायची त्यास्नी."

मला वाटलं, संपलं. आता हा मशीनवर येणार नाही आणि कुठल्या तोंडानं ये म्हणू? पण ठरल्या दिवशी मी ओढ्याकाठी गेलो तर तो डोक्याला पटका गुंडाळून तयार बसला होता. म्हणाला, "सबुद दिल्ता न्हवं." गाडीत खिडकीपाशी बसून तो बाहेर बघत होता. दोन्ही बाजूंना ऊस, कुठं चराऊ रान म्हणून नाही. मधेच म्हणाला, "तुझ्या बाला शिव्या दिऊ नगंस रं. त्येला वाटलं माळ उघडा पडलाय, म्हनून पांघरून घातलं. वाईट मनानं न्हाई घातलं."

तो तुम्हाला माफ करून मोकळा झाला. त्याच्या जातीला लांडग्याचाही वाटा कळतो, तुमचा का कळणार नाही? मला नाही जमत. तुमच्या चांगल्या मनानं त्याचा माळ खाल्ला, त्याचा बाप रस्त्यावर मेला, आणि आता तो माझ्या शब्दाखातर सुया टोचून घेतोय. जगायची इच्छा त्याला राहिलेली नाही हे मला दिसतं. मी तरी त्याला नेतो, कारण तो नसला तर माळ कसा होता हे मी कुणाशी बोलू?

एक गोष्ट त्यालाही सांगितलेली नाही. कापलेल्या तारेवरून गावात बोंब झाली नाही. होणार कशी? मेंढरं ओढ्याकडं उतरल्यावर त्याला पालावर निजवून मी एकटाच माघारी गेलो आणि तार पुन्हा जोडून टाकली. समितीला मी भीत नाही, आबा. हात तुमच्या भीतीनंच चालत होते. आणि जोडताना पीळ आत वळवला, कुणाला लागू नये म्हणून.